आंबा तोडला, आता त्या जागेचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. साताऱ्याजवळ बंगला, काळी जमीन. मागच्या अंगणात आईंनी कोय पुरून वाढवलेला ३० वर्षांचा रायवळ आंबा होता. भिरुडाने पोखरला, दोन पावसाळ्यांत अर्धा वाळला, शेवटी परवानगी काढून फेब्रुवारीत तोडलात. बुंधा वीतभर वर राहिलाय, घेर साडेपाच फूट. कंपाउंडची भिंत पश्चिमेला ६ फुटांवर, घर पूर्वेला १५ फुटांवर. ओंडके भिंतीला रचून ठेवलेत. बुंध्याला एका अंगाने तांबडी पालवी फुटतेय. आईंचं वय ७४ आणि त्यांना तिथे आंबाच हवा. नर्सरीवाला म्हणतो बुंधा उपटा, त्याच खड्ड्यात लाल माती भरा, केसरचं कलम लावा. शेजारी म्हणतात आधी मीठ नाहीतर हिंग घालून बुंधा मारा. आणि मेव्हणे म्हणतात पेव्हर ब्लॉक टाका, गाडी लागेल.

मी गेली २६ वर्षं लोकांच्या बागा उभारते आणि सांभाळते. झाड काढल्यावर राहिलेली जागा हे त्यातलं नेहमीचं काम. तेव्हा आधीच सांगून टाकते: आंबा लावा, यंदाच्या मृगात लावा, पण त्या खड्ड्यात नको. ६-७ फूट सरका. मीठ-हिंग काही घालू नका. आणि ती तांबडी पालवी मी सांगेपर्यंत कुणाला खुडू देऊ नका.

आता कारणं. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. झाड का गेलं, जमीन कुठली, भिंत किती लांब, ऊन कुठून येतं, घरच्यांना थांबायला किती वेळ आहे, यावर बरंच अवलंबून असतं. तुमच्याऐवजी कुणी पंचविशीतला मुलगा विचारता तर मी म्हटलं असतं, वर्षभर थांब, घाई कसली आहे. आईंच्या वयाकडे बघून मी ते म्हणत नाही.

पहिला प्रश्न: झाड नेमकं कशाने गेलं? तुम्ही भिरूड म्हणता आणि खोडाला बोटभर जाडीची भोकं, खाली लाकडाचा भुसा, असं वर्णनही केलंय. म्हणजे भिरूडच. ही कीड जमिनीत राहत नाही. भुंगेरा सालीच्या फटीत अंडी घालतो आणि अळी आतून लाकूड पोखरत राहते. त्यामुळे या कारणासाठी माती बदलायची काही गरज नाही. पण एक गोष्ट आठवून बघा, किंवा आईंना विचारा. झाड उभं होतं तेव्हा बुंध्याशी, जमिनीलगत, कधी लाकडासारखी कडक, तांबूस-तपकिरी, लाखेने पॉलिश केल्यासारखी चमकदार, कडेला पांढरी रेघ असलेली अळंबी आली होती का? आली असेल तर मुळं कुजवणारी बुरशी जमिनीत आहे आणि भिरूड नंतर, कमजोर झाडावर आलंय. मग माझं उत्तर बदलतं: बुंध्यासकट जाड मुळं खणून काढा, खड्डा दोन-तीन वर्षं कुठल्याही झाडाला देऊ नका आणि नवा आंबा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्या. पावसाळ्यात तोडलेल्या बुंध्यावर मऊ छत्र्यांचे घोस येतात, ते वेगळे. ते मेलेलं लाकूड खाऊन आपलं काम फुकटात करतात, त्यांना घाबरू नका.

भिरूड मातीत नाही म्हटलं तरी तुमच्या अंगणात ते अजून आहेच. ओंडक्यांत. झाड तोडलं म्हणून आतली अळी मरत नाही, ती आत बसून वाढ पुरी करते आणि साधारण पावसाळ्याच्या तोंडाशी भुंगेरा होऊन बाहेर पडते. तुमची ती भिंतीला लावलेली रास म्हणजे भिरुडाचं पाळणाघर झालंय. मे संपायच्या आत सगळे ओंडके फोडून जळणाला देऊन टाका. फोडताना पांढऱ्या, करंगळीएवढ्या जाड अळ्या सापडतील, त्या कोंबड्यांना आवडतात. बुंध्यातल्या भोकांत सायकलच्या स्पोकसारखी तार घालून अळी टोचून काढा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि वरून चिखलाने लिंपा. जवळ विडीकाडी नको, एवढं भान ठेवा. याच भुंगेऱ्याला अंजीर, फणस आणि तुतीही आवडते. तेव्हा आंब्याच्या जोडीला अंजीर लावायचा विचार असेल तर सोडून द्या.

आता मीठ. सातारा-सांगली भागात राहून मिठाचा सल्ला कुणी द्यावा याचं मला नवल वाटतं. कृष्णाकाठच्या चोपण, म्हणजे क्षाराने बिघडलेल्या, जमिनी आपण डोळ्यांनी बघितल्यात. मिठातलं सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटलं की त्या मातीची भुसभुशीत ढेकळं मोडतात. ओली असताना ती लगदा होते आणि वाळली की दगड. बुंधा मारण्यापुरतं म्हणून घातलेलं दोन-चार किलो मीठ पावसाबरोबर बुंध्यातून खाली उतरतं आणि नेमकं जिथे पुढे मुळं जायची तिथे बसतं. बुंधा काय, तो नाहीतरी कुजणारच होता. हिंगाने झाड मरतं ही समजूत मी महाराष्ट्रभर ऐकलीय. त्याचा गुण आलेला मात्र एकही बुंधा बघितला नाही. हिंग आमटीत घाला. बुंधा पेटवून देणं तर नकोच. तो आतल्या आत दिवसच्या दिवस धुमसतो, माती भाजून विटेसारखी होते आणि मुळांजवळून पाण्याचा पाइप गेला असेल तर तोही वितळतो.

उपटायचा का, हा खरा प्रश्न आहे. जेसीबी लावून साडेपाच फूट घेराचा बुंधा निघतो, पण त्याबरोबर निदान ८-१० फूट रुंद खड्डा होतो, तुमची कंपाउंडची भिंत ६ फुटांवर आहे आणि तिचा पाया किती खोल आहे कुणास ठाऊक. शिवाय जेसीबीच्या चाकांखाली बाकीचं अंगण असं दाबलं जातं की पुढची दोन वर्षं तिथे पाणी जिरत नाही. दोन गडी कुदळ-पहार घेऊन दोन-तीन दिवसांत काढतात, ते जास्त सभ्य काम. पण माझं म्हणणं, काढूच नका. निदान यंदा नको.

का ते सांगते. वरचं झाड गेलं तरी खालचं झाड आहे तिथेच आहे. ३० वर्षांच्या आंब्याची मुळं फांद्यांच्या घेराच्याही बाहेर गेलेली असतात. त्यातली करंगळीपेक्षा बारीक मुळं वर्षभरात विरून जातात, मनगटाएवढ्यांना तीन-चार वर्षं लागतात आणि बुंध्याखालचा गड्डा त्याहून जास्त काळ तग धरतो. हे कुजणं चांगलंच आहे. काही वर्षांपूर्वी एका अंगणात गुलमोहोर काढून तीन वर्षं झाली होती, तिथे आम्ही पारिजातकासाठी खणत होतो. माळीमामांनी कुदळ मारली आणि थांबले. जुन्या मुळाची नुसती साल उरली होती, एखाद्या रबरी नळीसारखी. आतलं लाकूड जाऊन तिथे काळी, चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत माती भरली होती, नाकाशी धरली तर पहिल्या पावसाचा वास. त्या नळीत गांडुळं होती आणि शेजारच्या जास्वंदीचं एक मूळ त्याच नळीतून सरळ हातभर खाली उतरलं होतं. कडक काळ्या मातीत त्या मुळाला एवढं खोल एरवी कुणी जाऊ दिलं नसतं. मेलेल्या झाडाची मुळं म्हणजे पुढच्या झाडाला तयार बोगदे असतात, फक्त ते तयार व्हायला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ न देता त्याच जागी लावलं की काय होतं, हे मी स्वतः चूक करून शिकले. धंद्यात नवी होते. एका गिऱ्हाइकाकडे सुबाभूळ काढली, बुंधा यंत्राने किसून घेतला. यंत्राचा भुस्सा खड्ड्यातच राहिला होता. मला वाटलं, लाकूडच आहे, सेंद्रिय आहे, कुजून खतच होईल. वर माती लोटली आणि कागदी लिंबू लावलं. दोन महिन्यांत लिंबू पिवळं पडलं. लोह घातलं, जस्त फवारलं, काही फरक नाही. कारण साधं होतं. लाकडात कार्बन भरमसाट आणि नत्र नावापुरतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं अंग बांधायला नत्र लागतं, ते लाकडात मिळालं नाही की मातीतून उचलतात. उसनवारीच ती, काही वर्षांनी परत करतात, पण तोवर रोप उपाशी. बारीक भुस्सा असला की ही उसनवारी फार जोरात चालते. अख्खं जाड मूळ सावकाश कुजतं, त्याचा एवढा त्रास होत नाही. पण लिंबू पिवळेपणाने मेलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भुस्सा बसला, खड्डा चांगला ८ इंच खचला, लिंबाबरोबर कलमाचा सांधाही खाली गेला, भोवती पाणी साचलं आणि बुंध्याला डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, लागला. ऑगस्टमध्ये उपटून टाकलं. गिऱ्हाइकाने पैसे मागितले नाहीत. पुढच्या वर्षी दुसरा माळी लावला, एवढंच.

म्हणून सरकायचं. तुमच्या जागेत पूर्वेला घराकडे सरकलात तर झाड घराच्या फार जवळ येईल. पश्चिमेला तर भिंतच आहे. तेव्हा भिंतीला समांतर, उत्तरेला किंवा दक्षिणेला, बुंध्यापासून ६-७ फूट जा आणि भिंतीपासूनचं अंतर ६ वरून ८ फुटांवर घ्या. उत्तर की दक्षिण, ते पाइपलाइन आणि सेप्टिक टँक कुठे आहे त्यावर ठरवा. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर जिकडे जाडी मुळं कमी लागतील ती बाजू. पहार ठोकून बघा, आवाजावरून कळतं. खणताना मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्ड्यापुरतं करवतीने कापून काढा. बोटाएवढी लागली तर राहू द्या.

खड्डा आत्ताच, एप्रिलमध्ये, करून ठेवा. ३ फूट रुंद, ३ फूट लांब, अडीच फूट खोल पुरे. मुरूम आधी लागला तर तिथे थांबून पहारीने तळ नुसता फोडा. मे महिनाभर उन्हात उघडा राहू द्या. आणि त्याआधी पाणी किती वेळात जिरतं ते बघा: खड्ड्याच्या तळाशी आणखी दीड फुटाचा छोटा खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत गेलं तर उत्तम. तिसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खड्ड्यात लावूच नका, दीड फुटाचा उंचवटा करून त्यावर लावा. आंबा उन्हाळा सोसतो, पायाशी साचलेलं पाणी सोसत नाही.

भरताना लाल माती नको. नर्सरीवाल्यांचा हा आवडता सल्ला आहे आणि ट्रॉलीचे पैसेही मिळतात. कुंडीत लाल माती छान. पण काळ्या चिकण जमिनीत मोकळ्या लाल मातीचा खड्डा भरला की तो हौद होतो. चहूबाजूंचं पावसाचं पाणी त्यात येतं आणि बाहेर जायला वाट नसते. मुळंही लाडावतात, मऊ मातीत गोल गोल फिरतात, बाहेरच्या काळ्या मातीत शिरत नाहीत. तुमचीच काढलेली माती घ्या, ढेकळं फोडा, तीन घमेली मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एकूण खड्ड्याला किलोभर निंबोळी पेंड. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) आठवडाभर आधी कालवून ओल्या पोत्याखाली ठेवलंत तर आणखी चांगलं. कच्चं शेण नको, त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही येतात. भरलेली माती जमिनीच्या वर निदान ६ इंच राहू द्या. पावसात ती बसते.

कलम घेताना उंच, मोठ्या पिशवीतलं, मोहोर आलेलं झाड नर्सरीवाला पुढे करेल. नको. वर्ष-दीड वर्षाचं, पेन्सिलीहून थोडं जाड, सांध्याशी गाठ सरळ बसलेलं रोप घ्या. पिशवी फाडून मुळं बघा, तळाशी वेटोळी असतील तर दुसरं मागा. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की लावा, सांधा मातीच्या वर चार बोटं हवा. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर खुडून टाका. आई नाराज होतील, पण खुडा. चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळं धरू द्या आणि दर वर्षी आंबे उतरले की लगेच छाटणी करून १२ फुटांच्या आत ठेवा. तुमच्या अंगणाला एवढंच झाड पेलेल.

थोडं भिंतीबद्दल. हे लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, हे तर उन्हाळ्यातल्या भेगांवरून कुणीही सांगेल. इतकी वर्षं तुमचा आंबा भिंतीलगतचं पाणी पीत होता, म्हणजे तिथली माती कायम थोडी आकसलेली. आता पिणारा गेला. या आणि पुढच्या पावसाळ्यात ती माती फुगेल आणि ६ फुटांवरच्या कंपाउंडच्या भिंतीला एखादी केसाएवढी चीर पडू शकते. घाबरू नका, पण नजर ठेवा. चीर दिसली तर दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. पुढे सरकली तरच गवंड्याला बोलवा. भिंतीच्या पायाशी पाटाने पाणी सोडणं तेवढं टाळा. घराचा पाया मुरमात असेल तर १५ फुटांवर चिंता नाही. वाळवीची मात्र घराकडे नजर हवी, कारण मेलेला बुंधा तिला आमंत्रणच असतो. महिन्यातून एकदा जोत्याभोवती फिरून मातीच्या रेघा चढलेल्या दिसतात का ते बघा.

मेव्हण्यांचे पेव्हर ब्लॉक: तीन वर्षं तरी नको. मुळं कुजतील तशी जमीन खचणार, ब्लॉक वरखाली होणार. एका सोसायटीत बुंध्याच्या जागी लोखंडी झोपाळा बसवला होता, दुसऱ्या वर्षी त्याचा एक पाय चार बोटं खाली गेला आणि बसणारा आपोआप एका कोपऱ्यात सरकायला लागला. मुलांना ते फार आवडायचं, ते सोडा.

आता ऊन. आंबा पश्चिमेला होता, म्हणजे दुपारी तीननंतर घराला त्याचीच सावली होती. या मे महिन्यात मागच्या खोल्या तापतील तेव्हा आठवण येईलच. झाडाखाली अळू, हळद, नेचे असं काही असेल तर ते आत्ताच कुंड्यांत हलवा, एकदम ऊन पडलं की आठवड्यात करपतात. नव्या जागी किती ऊन येतं हे मात्र एप्रिलमध्ये बघून ठरवू नका. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य भर दुपारी जवळपास डोक्यावर असतो, भिंतीची सावलीच पडत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की १० फुटी भिंतीची सावली भर दुपारी सुमारे ९ फूट उत्तरेकडे जाते. तुमची भिंत पश्चिमेला आहे म्हणून वाचलात, तिची सावली फक्त संध्याकाळी पडेल. पण दक्षिणेला शेजाऱ्यांचं दुमजली घर असेल तर हिवाळ्यात, नेमकं मोहोराच्या वेळी, झाड सावलीत जाईल. तसं असेल तर उत्तर-दक्षिणेच्या निवडीत उत्तर बाजू घ्या, त्या शेजारच्या घरापासून जितकं लांब जाता येईल तितकं.

नव्या कलमाला पहिले दोन उन्हाळे पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा लागतो. हिरवी जाळी बांधतात लोक, मला ती आवडत नाही, वाऱ्याने फाटून फडफडत बसते. जूनमध्येच कलमापासून तीन फुटांवर, नैऋत्येला आणि पश्चिमेला, तुरीचे दहा-बारा दाणे टोचा. दिवाळीपर्यंत डोक्याएवढी होते, जमिनीला नत्र देते, पानं गाळून पालापाचोळा करते, शेंगा झाल्या की तुराट्या तिथेच रोवून मार्च-एप्रिलचा आडोसा. गावाकडे शेवरी लावतात तीही चालेल.

बुंध्याभोवतीचा जो चौक उरला, त्यात पहिल्या वर्षी झाड नाही. जूनमध्ये ताग पेरा, ४५-५० दिवसांनी फुलावर येताना कापून तिथेच पसरा. मग लाल भोपळ्याचा एक वेल बुंध्यावर चढवा, मोठी पानं सगळं झाकून टाकतात. चवळी, घेवडा, झेंडू काहीही चालेल. मुळा-गाजर नको, खाली जुनी मुळं असल्याने वाकडेतिकडे येतात. बुंध्यावर मोठी कुंडी ठेवायचा मोह होतो, ती दोन वर्षांनी कलते. दर दोन-तीन महिन्यांनी बुंध्यावर शेणकाला ओतत राहा, ओल आणि नत्र मिळालं की तो लवकर मऊ पडतो.

परवानगीचा कागद काढून पुन्हा वाचा. आपल्या शहरांत झाडं तोडणं १९७५ च्या नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली येतं आणि परवानगीबरोबर बदली झाडं लावायची अट सहसा असते. किती, कुठे, कधीपर्यंत, ते तुमच्या कागदावरच असेल. हे कलम त्यात मोजलं जाईल का तेही विचारून घ्या, फोटो काढून ठेवा.

म्हणजे क्रम असा झाला: एप्रिलमध्ये खड्डा आणि पाण्याची परीक्षा, मे संपायच्या आत ओंडके बाहेर, भोकं लिंपून बंद, मृगानंतर कलम आणि तूर, बुंध्याभोवती ताग. आता ती तांबडी पालवी, जी खुडू नका म्हणाले होते.

तुमचा आंबा कोयीचा होता. म्हणजे बुंध्यातून येणारा प्रत्येक फुटवा तोच आंबा आहे, आईंनी लावलेला. कलमी झाड असतं तर सांध्याखालून फुटणारी पालवी खालच्या गावठी रोपाची निघाली असती आणि मी ती छाटा म्हटलं असतं. तुमच्याकडे तसं नाही. तो बुंधा पुन्हा झाड म्हणून वाढवा असं मी सांगत नाही, आतून पोखरलेल्या लाकडावर उभी राहिलेली फांदी वाऱ्यात कधीतरी निखळते. पण त्यातले दोन-तीन जोमदार फुटवे ठेवा, बाकी काढा. जुलै-ऑगस्टपर्यंत ते चार-पाच महिन्यांचे, पेन्सिलीएवढे होतील, टोकाचा डोळा फुगलेला असेल. ती काडी कलमाला चालते.

खाली लागतील कोवळी रोपं. त्यासाठी या मे महिन्यात कुठलेही रायवळ आंबे खा आणि कोयी जपा. उन्हात सुकवत ठेवू नका, आंब्याची कोय काही आठवड्यांतच उगवायची थांबते. धुऊन, सावलीत, पंधरवड्याच्या आत ओल्या वाळूत किंवा पिशवीत लावा. लागवड थोडी पुढेमागे केलीत तर काडी तयार होईल तेव्हा हाताशी तांबूस पानांची, दोन-तीन आठवड्यांची रोपं असतील. त्यावर कोयकलम बांधायचं. हात बसलेला नसेल तर जवळच्या रोपवाटिकेतल्या कलम बांधणाऱ्याला घरी बोलवा, दहा कलमं बांधायला त्याला अर्धा तास लागतो. दहातली पाच-सहा जगली तरी चांगलं म्हणायचं. ती वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या मृगात लावता येतात.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगते. बुंध्याच्या तळातून आलेले फुटवे वयाने जुने असले तरी वागायला कोवळे असतात, केसरच्या कलमापेक्षा त्यांना फळ धरायला जास्त वर्षं लागू शकतात. म्हणून आईंनाच विचारा, त्यांना अंगणात आंबा हवाय की तोच आंबा हवाय. नुसता आंबा हवा असेल तर केसर लावून मोकळे व्हा. तोच हवा असेल तर दोन वाटा. एक, यंदा खड्डा तयार करून ठेवा, तागाने भरून टाका आणि पुढच्या मृगात त्यात त्यांचं कलम लावा. दुसरी, जी मी स्वतः करीन: यंदा केसर लावा आणि तीन वर्षांनी त्याच्या एका फांदीवर आईंच्या आंब्याची काडी बांधा. एका झाडावर दोन आंबे, अंगण एकच. तोपर्यंत पिशवीतलं एखादं कलम जिवंत ठेवा म्हणजे काडी मिळत राहील.

बुंध्याच्या ज्या बाजूने पालवी फुटलीय त्या बाजूची भोकं आधी लिंपा, आजच. आणि कोयी निवडायचं काम आईंकडे द्या, कुठली भरीव आणि कुठली पोकळ ते त्या हातात घेऊन सांगतील.